आणीबाणीत एवढ्या मोठ्या कामगार युनियन गप्प का बसल्या?

तुम्ही विचारलंय की 1975 ला आणीबाणी आली तेव्हा देशभर युनियन होत्या, मग कोणी मोठा संप का नाही केला. मी तेव्हा सातवीत होतो, वडील भांडुपला एका कारखान्यात फिटर, त्यामुळे थोडं घरात बघितलेलं आणि बाकी नंतर वाचलेलं सांगतो.

कंबरडं एक वर्ष आधीच मोडलं होतं हो. मे 1974 चा रेल्वे संप आठवा, त्याचे पुढारी जॉर्ज फर्नांडिसना संप सुरू व्हायच्या आधीच 2 तारखेला उचललं, मग हजारो कामगार जेलमध्ये, कित्येकांना क्वार्टरमधून बाहेर काढलं आणि 20 दिवसांत संप मागे घ्यावा लागला. हे ज्याने बघितलं तो वर्षभराने डोक्यावर मिसा (खटल्याशिवाय तुरुंगात डांबायचा कायदा) असताना कसा उठणार? त्यात युनियनमध्ये एकी नाही, इंटक ही युनियन काँग्रेसचीच आणि भारतीय कम्युनिस्ट पक्षाची आयटकसुद्धा सरकारच्या बाजूने.

लोक अटकेबद्दलच बोलतात पण खरा मार पगारावर बसला. किमान बोनस 8.33 टक्के होता, म्हणजे वर्षाला एक जादा पगार, तो सप्टेंबर 1975 मध्ये वटहुकूम काढून 4 टक्क्यांवर आणला, ऐन दिवाळीच्या तोंडावर. त्या वर्षी आमच्याकडे नवे कपडे फक्त धाकट्या बहिणीला आले. वडील काहीच बोलले नाहीत आणि मला तेच जास्त लागलं, कारण एरवी बोनसच्या गेट मीटिंगला सगळ्यात पुढे तेच असायचे.

एलआयसीचं तर अजून वाईट. 1974 ला युनियनशी लेखी करार झालेला, 15 टक्के बोनस. आणीबाणीत तो थांबवला म्हणून कर्मचारी कलकत्ता हायकोर्टात गेले, मे 1976 मध्ये जिंकले, आणि त्याच महिन्यात संसदेने कायदा करून करारातला तो बोनसच काढून टाकला!! सुप्रीम कोर्टाने हा कायदा रद्द केला पण 1978 मध्ये.

एक मात्र मान्य करतो, 300 किंवा जास्त कामगार असतील तर सरकारच्या परवानगीशिवाय कपात करायची नाही हा नियम पण 1976 चाच. चांगलाच होता, पण संपाची ताकद काढून घेतल्यावर कामगाराची नोकरी टिकणार की नाही हे मंत्रालयातल्या सहीवर राहिलं.

8.33 परत आलं 1977 ला, जनता सरकारने आणलं. आणि रेल्वेवाले ज्या बोनससाठी 74 ला उठले होते, त्यांना तो मिळायला 1979 उजाडलं.