नकाशात आहे, झाडावर नाही

प्रश्न : क्रेस्टेड गॉसहॉक हा शिक्र्यासारखाच, पण डोक्यावर तुरा असलेला शिकारी पक्षी. तो कुठे आढळतो ते दाखवणाऱ्या नकाशात केवढा तरी प्रदेश रंगवलेला असतो. त्यातल्याच एका जंगलात चार दिवस फिरलो, पण शिक्र्याशिवाय काही दिसलं नाही. नकाशा चुकतोय की मी?

उत्तर : कुणीच नाही. आधी तो नकाशा पुन्हा उघडा. एक तुकडा पश्चिम घाट आणि श्रीलंकेचा. दुसरा हिमालयाच्या पायथ्यापासून ईशान्य भारत, म्यानमार ते थेट इंडोनेशिया, फिलिपिन्स आणि तैवानपर्यंतचा. मधलं दख्खन कोरं! या पक्ष्याला दाट, दमट झाडी लागते आणि ती तिथे नाही. शिक्र्याचं तसं नाही. त्याला माळावरची चार बाभळीही पुरतात, म्हणून तो सहारापलीकडच्या आफ्रिकेतही आहे.

बरं, रंगवलेल्या भागातही पक्षी सगळीकडे सारखा पसरलेला नसतो, आणि असला तरी सहज दिसत नाही. आखूड, गोल पंख आणि लांब शेपूट ही ठेवणच मुळी फांद्यांमधून वळणं घेत झडप घालण्यासाठी आहे. तो पानांआड बसून सरडे, खारी, पक्षी यांची वाट बघतो. तुम्ही खालून दहादा गेलात तरी हलायचा नाही. (माझी पहिली काही वर्षं अशीच मान दुखवून घेण्यात गेली.)

असेच लपून राहणारे फॉरेस्ट फाल्कन मध्य आणि दक्षिण अमेरिकेत आहेत. कुळ ससाण्यांचं, पण दाट जंगलात राहून अंगाची ठेवण अगदी गॉसहॉकसारखी झालेली. ते दिसण्यापेक्षा ऐकूच जास्त येतात, तेही पहाटेच्या अंधारात. ॲमेझॉनमधली त्यांची एक जात शास्त्रज्ञांनी 2002 मध्ये वेगळी ठरवली, त्यात आवाजाचा मोठा वाटा होता. तोवर ती दुसऱ्याच जातीत मोजली जात होती.

आणि गंमत बघा, तैपेईत हाच तुमचा क्रेस्टेड गॉसहॉक भर शहरातल्या बागांत घरटी करतो. मोठी झाडं आणि भक्ष्य मिळालं की माणसांची वर्दळ त्याला चालते.

पुढच्या खेपेला झाडीत शिरूच नका. ऊन जरा तापलं की दरीकडे तोंड करून उघड्यावर बसा. वीण जवळ आली की तो जंगलावर घिरट्या घालतो, पंख खाली झुकवून थरथरवतो. शेपटीच्या बुडाशी पांढरी पिसं दोन्ही बाजूंनी फुगलेली दिसली की शिक्रा नव्हे, तोच.