म्युनिक ते म्युनिक : आल्प्समधला दहा दिवसांचा गाडीप्रवास

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : सप्टेंबरमध्ये दहा दिवस, आई-बाबा, तुम्ही दोघं आणि आठ वर्षांची मुलगी, पॅरिसला गाडी घ्यायची, स्वित्झर्लंडमार्गे व्हेनिसला सोडायची, तर वाटेत कुठे थांबावं?

मी हा बेतच बदलायला सांगेन. पॅरिसमध्ये गाडी म्हणजे डोक्याला ताप, आणि व्हेनिसमध्ये गाडी चालतच नाही. एका देशात घेतलेली गाडी दुसऱ्या देशात सोडली की वेगळं शुल्क लागतं, ते कधीकधी भाड्याच्याही वर जातं. शिवाय पॅरिसहून डोंगर दिसेपर्यंत एक अख्खा दिवस हायवेवरच जातो. त्यापेक्षा म्युनिकला गाडी घ्या, गोल फिरून म्युनिकलाच परत द्या. एकूण साधारण साडेआठशे किलोमीटर होतात. सर्वांत जास्त मुक्काम इटलीत पडतात, त्यामुळे शेंगेन व्हिसाही इटलीचा काढा.

पहिल्या दोन रात्री जर्मनीतल्याच बेर्ख्टेसगाडेनला. तिथल्या क्योनिगसे तलावावर १९०९पासून विजेवर चालणाऱ्या बोटी आहेत. सकाळची पहिली-दुसरी बोट गाठा, नंतर रांग वाढते. मग लोफरमार्गे ऑस्ट्रियातलं झेल आम झे, दोन रात्री. त्यातला दुसरा दिवस तलावावर आरामात घालवा, कारण तिसऱ्या दिवशी या प्रवासातला खरा रस्ता आहे.

तो म्हणजे ग्रोसग्लॉकनरचा. १९३५ साली खुला झालेला, ४८ किलोमीटर, ३६ वळणं, सर्वोच्च ठिकाण २५०४ मीटरवर. टोल मोटारीमागे चाळीस युरोंच्या वर आहे, पण त्याच टोलमध्ये कायझर-फ्रान्झ-योझेफ्स-ह्योहे या ठिकाणाचा फाटाही येतो. खाली पास्टेर्झे हिमनदी आणि समोर ग्रोसग्लॉकनर शिखर, तेही गाडीतून उतरल्या उतरल्या. त्यामुळे आई-बाबांना चढावं लागत नाही. सकाळी नऊच्या आत वर पोचा, दुपारनंतर ढग आले की पुढची गाडीसुद्धा नीट दिसत नाही. रात्री रस्ता बंद असतो, आणि सप्टेंबरातही बर्फ पडून तो बंद होऊ शकतो. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या साइटवर स्थिती बघा.

उतरताना गडबड होते ती ब्रेकची. नवशिके ब्रेकवर सतत पाय ठेवून उतरतात, ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि मग पकड कमी होते. आपल्या घाटात ड्रायव्हर सांगतात तेच इथेही : ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक गाडीत मॅन्युअल मोड लावून दुसरा-तिसरा गिअर धरा. वास आलाच तर थांबा, इंजिन बंद करून वीस-तीस मिनिटं जाऊ द्या, चाकांवर पाणी ओतू नका.

पुढे लिएन्झवरून (Lienz) इटलीत, तोब्लाखला. इथल्या पाट्यांवर बहुतेक गावांची जर्मन आणि इटालियन अशी दोन नावं असतात : तोब्लाख म्हणजेच दोब्बियाको, बोझेन म्हणजेच बोल्झानो. दोन रात्री इथे, दोन ओर्तिझेईला. त्रे चिमे या तीन सुळक्यांकडे जाणारा टोलरस्ता मिझुरिना तलावाच्या पुढून २३२० मीटरवरच्या आउरोंझो रिफ्युजिओपर्यंत (डोंगरातलं विश्रामगृह) जातो, पण २०२५पासून आधी ऑनलाइन बुकिंग केल्याशिवाय मोटार सोडत नाहीत. तिथून लावारेदो रिफ्युजिओपर्यंतची रुंद, जवळपास सपाट वाट अर्ध्या तासाची. मुलीला आणि आई-बाबांना जमेल. ब्रायेस तलावाला उन्हाळ्यात दिवसा गाडी नेण्यावर बंधन असतं, ते सप्टेंबरात कधी उठतं हे बघून त्यानंतरची तारीख धरा.

तोब्लाखहून ओर्तिझेईला जाताना कोर्तिनावरून फाल्झारेगो (२१०५ मीटर), पोर्दोई (२२३९) आणि सेल्ला (२२१८) या तीन खिंडी ओलांडायच्या. अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटरच, तरी अख्खा दिवस ठेवा. मागे बसलेल्यांना उलटीचा त्रास असेल तर गोळी निघायच्या आधी द्यायची, तिसऱ्या वळणावर नव्हे.

परतीला बोल्झानो, ब्रेनर, इन्सब्रुक, म्युनिक. ब्रेनर ते इन्सब्रुक या ए१३वर वेगळा टोल आहे, ऑस्ट्रियाचं व्हिन्येट (ठरावीक दिवसांचा महामार्ग-पास) नाही. पण पुढे ए१२ला व्हिन्येट लागतं. येतानाचा रस्ता वर सांगितल्याप्रमाणे साध्या रस्त्यांनी घेतला तर संपूर्ण प्रवासात ते एकाच दिवशी लागतं, म्हणून एक दिवसाचं पुरतं. ए१३वर लुएग पुलाचं काम चालू असल्याने बराच काळ एकेकच मार्गिका मिळते. शनिवारी मुळीच जाऊ नका. वाहतूक खोळंबली की जर्मनी-ऑस्ट्रियात डावीकडची रांग डावीकडे आणि बाकी सगळ्या उजवीकडे सरकतात, मध्ये रुग्णवाहिकेला वाट. न केल्यास दंड.

गाडीचं : पाच माणसं आणि बॅगा साध्या हॅचबॅकमध्ये मावत नाहीत. मुलीची चाइल्ड सीट धरून मागे दोन मोठी माणसं कोंबली जातात. सातआसनी घ्या आणि ऑटोमॅटिक लवकर बुक करा. तिन्ही देशांत मुलीला सीट सक्तीची. भारतातल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना (फॉर्म ४-ए, मुदत एक वर्ष) काढा आणि मूळ लायसन्सही सोबत ठेवा. डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं.

इटलीत दोन गोष्टींनी पैसे जातात. पहिली, शहरांचे झेडटीएल म्हणजे परवानगीशिवाय गाडी न्यायला बंदी असलेले भाग : कॅमेरा नंबर टिपतो, आणि काही महिन्यांनी दंड व भाडेकंपनीचं वेगळं शुल्क दोन्ही येतं. बोल्झानोत हॉटेल घेतलंत तर गाडीचा नंबर आधीच कळवा. दुसरी, टोलनाक्यावर पिवळ्या टेलेपास रांगेत शिरणं; ती त्यांची फास्टॅग रांग समजा. पेट्रोलपंपावर 'बेन्झिना' पेट्रोल, 'गाझोलिओ' डिझेल. 'सेर्व्हितो' लिहिलेल्या पंपावर माणूस भरून देतो आणि दर जास्त असतो. पार्किंगच्या पांढऱ्या रेषा फुकट, निळ्या पैशांच्या, पिवळ्या राखीव.

जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा दही, भाजी, ब्रेड शनिवारीच घ्या. गाडी परत देताना टाकी विमानतळाच्या दहा-पंधरा किलोमीटर आधी भरा, पावती आणि चारही बाजूंचे फोटो ठेवा.