हाताने ढकलायच्या जुन्या लॉन मोवरची ब्लेड कुठे मिळतील?

तुमचा प्रश्न असा आहे: वडिलांनी घेतलेला हाताने ढकलायचा मोवर आहे, ब्लेड बोथट झाली आहेत, दुकानदार म्हणतो पार्ट येत नाहीत, मग ब्लेड शोधावीत की सरळ नवीन मशीन घ्यावं? ‘नवीन घ्या’ म्हणणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. मी पुण्याजवळ भोसरीत टूलरूममध्ये सरफेस ग्राइंडरवर, म्हणजे लोखंडाचे पृष्ठभाग घासून सपाट करणाऱ्या मशीनवर, नोकरी काढली आहे. मी सांगतो, घेऊ नका. आणि पूर्ण ब्लेडचा सेटही शोधत बसू नका, कारण बहुतेक वेळा तो लागतच नाही.

या मशीनमध्ये फिरणाऱ्या सिलिंडरवर पिळाची पाच-सहा पाती असतात आणि त्यांच्या खाली आडवं, न हलणारं एक पातं असतं. गवत या दोघांच्या मध्ये सापडून कापलं जातं, कात्रीत कापड सापडतं तसं. 1830 मध्ये इंग्लंडमध्ये एडविन बडिंगने हे यंत्र पेटंट केलं, ते कापडगिरणीत लोकरी कापडावरची लव कापणाऱ्या यंत्रावरूनच. त्यामुळे इथे धारेइतकीच दोन पात्यांमधली फट महत्त्वाची. झिजतं ते मुख्यतः खालचं पातं. वरचा सिलिंडर नीट ठेवला तर कित्येक वर्षं टिकतो.

आमच्या सोसायटीच्या जागेवर पूर्वी बंगला होता. त्या मालकांचा 16 इंची इंग्लिश मोवर, बाजूच्या चौकटी बिडाच्या, सोसायटीकडे आला. काही वर्षांनी माळीकाका म्हणायला लागले, “साहेब, ह्ये कापत न्हाई, उपटतंय.” चिटणीसांनी एका विक्रेत्याला बोलावलं. त्याने मशीन पालथं करून बघितलंसुद्धा नाही. उभ्या उभ्या नव्या मशीनचं कोटेशन दिलं. वार्षिक सभेत ठराव झाला, इलेक्ट्रिक रोटरी (खाली एकच आडवं पातं वेगाने फिरवणारं मशीन) आली आणि इतिवृत्तात वाक्य आलं: “जुने यंत्र दुरुस्तीयोग्य नसल्याने.” मी त्याच सभेत उठून विचारलं की हे ठरवलं कुणी? उत्तर मिळालं नाही. भंगारवाला येण्याआधी मी मशीन पंपरूममधून पार्किंगमध्ये आणलं.

पहिलं काम पात्याचं नव्हतंच. सिलिंडर हाताने धरून वर-खाली हलवला तर खटखट वाजत होता. शाफ्टला प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर फट कधीच जमत नाही, पातं कितीही नवं घाला. बाजूचं टोपण उघडलं तर आत सायकलच्या हबसारखे सुटे छर्रे, खड्डे पडलेले. त्याच मापाचे छर्रे सायकलच्या दुकानात मिळाले. ग्रीस भरून, छर्रे दाबून धरणारा ‘कोन’ (शंकूसारखा नट) घट्ट करून बसवल्यावर खटखट बंद झाली.

मग खालचं पातं. धारेवर स्टीलची पट्टी उभी धरली तर मधोमध उजेड दिसत होता, दोन्ही टोकं शाबूत. हे पातं बदलण्यावाचून इलाज नव्हता. त्याचे काउंटरसंक (डोकं पात्यात बुडणारे) स्क्रू गंजून एकजीव झाले होते. रात्रभर रॉकेल पाजलं तरी एक तुटलाच, तो ड्रिल करून काढावा लागला. इथे लक्ष द्या: जुन्या इंग्लिश मशीनचे आटे इंची असतात, व्हिटवर्थ. पाव इंची भोकात आपला M6 (मिलिमीटर मापाचा) स्क्रू सहज जातो, चार फेरे धरल्यासारखा वाटतो आणि गवतात पहिला खडा लागला की सुटतो. जुना स्क्रू घेऊन दुकानात जा आणि त्याच आट्याचा मागा.

नवं पातं मी करून घेतलं. भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये EN-42 या स्प्रिंग स्टीलची पट्टी कापली, जुनं पातं वर ठेवून भोकं मारली, तापवून तेलात बुडवून पाणी दिलं (म्हणजे कडक केलं) आणि टेम्पर केलं. पाणी दिल्यावर पातळ पट्टी वाकतेच. म्हणून शेवटची धार पातं त्याच्या बैठकीवर (मशीनमध्ये ते ज्या पट्टीवर बसतं तिच्यावर) स्क्रूने आवळून मगच लावायची, सुटं असताना नाही. तिथल्या पोराने मला मशीनवर उभं राहू दिलं. मॅग्नेटिक चकवर (ग्राइंडरच्या चुंबकी टेबलावर) बैठकीसकट पातं धरलं, हलके हलके कट घेतले आणि शेवटी फीड न देता ठिणग्या पूर्ण थांबेपर्यंत टेबल फिरवत राहिलो. ठिणगी थांबली म्हणजे पातं टोकापासून टोकापर्यंत सरळ झालं.

सिलिंडरला मात्र ग्राइंडर लावला नाही. त्याचं लॅपिंग केलं. बाजूचं चाक काढायचं, आतला छोटा गिअर आणि त्यातली खुंटी काढून ठेवायची, पात्यांना व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट ब्रशने लावायची (गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळते, आधी जाड, मग बारीक) आणि सिलिंडर उलटा फिरवायचा. पाती आणि खालचं पातं एकमेकांवर घासून जुळतात. नंतर रॉकेलने धुऊन पेस्टचा कणही ठेवायचा नाही. मग वर्तमानपत्राची पट्टी घालून सिलिंडर हाताने सावकाश फिरवायचा. प्रत्येक पात्याने डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे कागद स्वच्छ कापला पाहिजे. कागद दुमडला तर फट जास्त, सिलिंडर जड फिरला तर फट कमी.

आणि कृपा करून सिलिंडर रस्त्यावरच्या धारवाल्याकडे देऊ नका, कानसही मारू नका. सुरीला त्याचा हात उत्तम आहे. पण सिलिंडरचं एक पातं जरी बाकीच्यांपेक्षा कमी झालं तरी गवतात पट्टे उमटतात आणि ते दुरुस्त करणं महाग पडतं.

कुठे मिळेल, ते सांगतो. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट. तयार खालचं पातं तिथे विचारून बघा. नाही मिळालं तर भोसरी किंवा कोल्हापूरला उद्यमनगर, तिथे कुणीही चांगला ग्राइंडरवाला करून देईल. फोनवर विचारू नका, पातं आणि बैठक पिशवीत घालून जा. लांबी, रुंदी, जाडी, भोकांची संख्या आणि भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर कागदावर लिहून ठेवा.

आमच्या चिटणीसांचा मुद्दा असा होता की रोटरी आधुनिक आहे. रोटरी गवत कापत नाही, वेगाने आपटून तोडते. धार गेली की पानांची टोकं फाटतात आणि दोन दिवसांत लॉनवर पिवळट झाक येते. क्रिकेटच्या खेळपट्ट्या आणि गोल्फची ग्रीन आजही सिलिंडरनेच कापतात, ती माणसं मागासलेली नाहीत. आमच्याकडची हरळी आता माळीकाका जुन्या मोवरनेच कापतात. रोटरी पावसाळ्यात कुंपणाकडच्या वाढलेल्या गवताला लागते, तेवढं तिचं काम मी मान्य करतो. पण “दुरुस्तीयोग्य नाही” हे वाक्य इतिवृत्तात अजून तसंच आहे. ते दुरुस्त करा असं मी दर सभेत लेखी देतो आणि देत राहणार. तुमच्या दुकानदारालाही विचारा की पार्ट येत नाहीत की तुम्ही ठेवत नाही? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. बाजूची बिडाची चौकट तडकली असेल तर एवढा खटाटोप करू नका, बिडाचं वेल्डिंग भरवशाचं होत नाही. सिलिंडरचं पातं ज्या चकत्यांवर बसवलेलं असतं त्यांपासून सुटलं असेल किंवा दगड लागून मोठी खाच पडली असेल तर लॅपिंगने भागत नाही. गवत घोट्याच्या वर गेलं असेल तर आधी विळ्याने उतरवून घ्या, हा मोवर उंच गवत घेत नाही. सिलिंडर फिरवताना जाड हातमोजे घाला, कारण एक पातं ढकललं की सगळी फिरतात. आणि तुमचं मशीन मुळात रोटरी असेल तर वरचं बरंचसं तुम्हाला लागू नाही: स्पार्क प्लगची वायर किंवा वीज काढून पातं सोडवा, टोकापासून टोकापर्यंत तिरकं माप घ्या, मधल्या भोकाचा आकार तंतोतंत जुळणारंच पातं घ्या आणि बोल्ट नवा घाला.