हिंसक, काळोखी कॉमिक्स लोकांना का आवडतात? त्यातली खरोखर वाचण्यासारखी कोणती?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की मित्राने आग्रह करून एक ग्राफिक नॉव्हेल हातात दिली, दहा-बारा पानांतच रक्तामांसाचा चिखल दिसला आणि तुम्ही ती मिटून परत केलीत. तेव्हापासून हे आवडीने वाचणारी माणसं असतात तरी कशी, असं तुम्हाला वाटतंय. मी त्यांच्यातलाच एक. कॉलेजात असल्यापासून हाच प्रकार सगळ्यात जास्त वाचत आलोय. आणि तरीही तुम्ही पुस्तक मिटलंत ते बरोबरच केलंत असं मी म्हणेन. मीही पुष्कळ मिटली आहेत.

पानावर काहीतरी भयंकर घडणार हे कळलं की माझंही मन तिकडे ओढलं जातं. ती ओढ खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या ओढीने आत शिरल्यावर पुस्तक माझ्याशी कसं वागतं, यावर ते माझ्या कपाटात राहणार की नाही हे ठरतं.

सिनेमात खून दिग्दर्शकाच्या वेगाने होतो. तुम्ही डोळे मिटलेत तरी तो होऊन जातो. कॉमिकमध्ये चौकट जागची हलत नाही. तिच्याकडे दोन सेकंद बघायचं की दोन मिनिटं, ते वाचणारा ठरवतो, आणि पान उलटणारा हातही त्याचाच असतो. स्कॉट मॅक्लाउड यांनी 1993 च्या ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’मध्ये हे दोन चौकटींत दाखवलंय. पहिलीत एक माणूस कुऱ्हाड उगारून दुसऱ्याच्या मागे लागलाय. दुसरीत रात्रीचं शहर आणि त्यावर एक किंकाळी. घाव कुठेच काढलेला नाही. तो दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत पडतो, तिथे चित्रकार नसतो, फक्त वाचणारा असतो. कुऱ्हाड किती खोल गेली हे ज्याचं त्याने ठरवायचं. हे वाचल्यावर मला पहिल्यांदा कळलं की कॉमिकमधली हिंसा इतकी अंगावर का येते: तिच्यात आपला हात असतो.

म्हणून माझी कसोटी एकच. पुढच्या पानावर काय आहे? ज्याला मारलं त्याचं काही उरतं का, त्याच्या घरच्यांचं काही होतं का, मारणाऱ्याच्या हाताला काही चिकटून राहतं का? की पान उलटलं की सगळं धुऊन स्वच्छ आणि पुढचा मुडदा तयार?

‘माउस’ घ्या. आर्ट स्पीगलमन यांनी आपल्या वडिलांची, व्लाडेक यांची, नाझींच्या आउश्वित्झ छळछावणीतून वाचल्याची हकिगत उंदीर आणि मांजरांच्या रूपात सांगितली. दोन खंड आहेत, 1986 आणि 1991 चे, आणि 1992 मध्ये त्याला पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. दुसऱ्या खंडातली एक चौकट मी किती वेळा उघडून बसलो असेन. सुट्टीचे दिवस आहेत, अमेरिकेतला डोंगराळ भाग, झाडीतून गाडी चाललीये. आत म्हातारा व्लाडेक, मुलगा आणि सून. गॅस चेंबरमध्ये कामाला जुंपलेल्या कैद्यांनी बंड केलं होतं, त्यांना दारूगोळा चोरून पोचवणाऱ्या चार मुलींना फाशी दिलं, असं व्लाडेक सहज बोलावं तसं सांगतोय. आणि रस्त्याकडेच्या त्या अमेरिकन झाडांवरून त्या मुलींचे पाय लोंबकळतायत. गाडी त्यांच्याखालून जाते. रक्ताचा एक थेंब नाही, चेहरेसुद्धा नाहीत. पस्तीस वर्षांपूर्वीचा मृत्यू आणि दुकानाकडे निघालेलं कुटुंब एकाच चौकटीत. हे फक्त कॉमिकच करू शकतं, कारण तिथे दोन काळ शेजारी शेजारी काढता येतात आणि दोन्ही तितकेच खरे दिसतात.

माझ्या आवडीच्या बऱ्याचशा पुस्तकांत लाल रंगच नाही. ‘माउस’ काळं-पांढरं, मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स बहुतेक काळ्या शाईतले, आणि ‘फ्रॉम हेल’ तर असं की त्यातलं लंडन काजळीने खरवडून काढल्यासारखं वाटतं. अॅलन मूर यांचं लेखन, एडी कॅम्पबेल यांची चित्रं, विषय 1888 चे लंडनच्या व्हाइटचॅपल वस्तीतले, जॅक द रिपरचे म्हणून ओळखले जाणारे खून. खुनी कोण हे फार लवकर कळतं, तेव्हा रहस्यासाठी ते वाचू नका. मारल्या गेलेल्या पाच बायकांना ते नावानिशी अर्पण केलंय, आणि त्यांच्या खोलीच्या भाड्याची, थंडीची, दारूची, एकमेकींना दिलेल्या आधाराची इतकी पानं आहेत की त्या ‘बळी’ राहतच नाहीत. मग येतं दहावं प्रकरण. जवळजवळ सगळं एका छोट्या खोलीत, त्या पाचांतल्या मेरी केलीच्या मृतदेहासोबत. संवाद फारसे नाहीत. एकसारख्या चौकटींमागून चौकटी, आणि त्यांत एक माणूस शांतपणे काम करतोय, चुलीत कपडे जाळून उजेड करतोय. मधेच खुन्याला विसाव्या शतकातलं एक ऑफिस दिसू लागतं, दिव्यांखाली कामात गढलेली माणसं, त्याच्याकडे कुणाचं लक्षच नाही.

पहिल्यांदा वाचताना मी हे प्रकरण चार वेळा खाली ठेवलं. घाई करून पानं उलटली असती तर सुटलो असतो, पण उलटवत नव्हती. तेव्हा कळलं की ते पुस्तक मला मजा देत नाहीये, जागचं हलू देत नाहीये. एका बाईला मारायला इतका वेळ लागतो, आणि तेवढा वेळ तुम्ही इथे बसा, असं ते सांगत होतं. हे सगळ्यांनी सोसावं असं मी म्हणणार नाही. पण त्यानंतर खुनाकडे नुसतं कोडं म्हणून बघणाऱ्या गोष्टींत माझं मन लागेनासं झालं.

‘वॉचमेन’बद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी एकच गोष्ट सांगतो (शेवट कळायला नको असेल तर हा परिच्छेद सोडा). 1986-87 मध्ये बारा अंकांत आलेलं मूर आणि डेव्ह गिबन्स यांचं हे पुस्तक बहुतांशी पानाला नऊ चौकटी अशा बांधणीत चालतं. अकरा अंक आपण एका नाक्यावर परत परत जातो. पेपरवाला, त्याच्या शेजारी बसून फुकट कॉमिक वाचणारा मुलगा, टॅक्सीवाली, भांडणारी जोडपी. सुपरहिरो नायकांच्या गडबडीत ही माणसं अधूनमधून आडवी येतात असं वाटतं. बारावा अंक उघडतो तेव्हा चौकटी नाहीशा झालेल्या असतात. ओळीने सहा पूर्ण पानं, आणि सगळीकडे प्रेतं. त्या ढिगांत तुम्ही ओळखीचे चेहरे शोधू लागता. तो पेपरवाला नसता, तर त्या सहा पानांना पोस्टरइतकीच किंमत राहिली असती.

दुर्दैवाने यातून पुढच्या कित्येकांनी फक्त प्रेतं उचलली. नंतरची सात-आठ वर्षं दात-ओठ खाणाऱ्या, बंदुका लटकवलेल्या नायकांची आली, आणि त्यांत पेपरवाला कुठेच नव्हता.

आता माझं मत बदललेल्या पुस्तकाबद्दल. ‘द किलिंग जोक’ 1988 चं. लेखक मूरच, चित्रं ब्रायन बोलंड यांची. विशीत मी ते कुणालाही वाचायला द्यायचो. बोलंड यांची रेषा आजही मला थक्क करते, आणि जॉन हिगिन्स यांचे मूळचे भडक जांभळे-हिरवे रंग मला 2008 च्या आवृत्तीतल्या संयत रंगांपेक्षा जास्त जवळचे वाटतात. पण बार्बरा गॉर्डन, म्हणजे बॅटमनच्या गोष्टींतली बॅटगर्ल, दार उघडते, जोकर गोळी झाडतो, तिचा मणका जातो, आणि पुढे? पुढे गोष्ट तिच्या वडिलांची, बॅटमनची, जोकरची. तिला इस्पितळातला एक छोटा प्रसंग. तिचे फोटो तिच्या बापाला छळायला वापरले जातात, आणि पुस्तकही तिला तेवढ्यासाठीच वापरतं. मूर यांनी स्वतः नंतर या प्रसंगाबद्दल खंत बोलून दाखवली. तिचं ‘पुढचं पान’ दुसऱ्यांनीच लिहिलं: किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर यांनी 1989 मध्ये तिला ऑरॅकल म्हणून परत आणलं, व्हीलचेअरवर, संगणकासमोर, नायकांच्या अख्ख्या फौजेला दिशा देणारी. वीसहून जास्त वर्षं ती तशीच राहिली. कॉमिक्स लेखिका गेल सिमोन यांनी 1999 मध्ये अशा स्त्री पात्रांची यादीच केली, ज्यांना केवळ नायकाला दुःख व्हावं म्हणून मारलं किंवा मोडलं गेलं. ती यादी वाचल्यावर माझ्या कपाटातली बरीच पुस्तकं मला वेगळी दिसायला लागली.

याच्या नेमकं उलट टोक म्हणजे केंटारो मिउरा यांचं ‘बर्सर्क’. 1989 पासून चालू असलेल्या या मांगात ग्रहणाचा प्रसंग आहे. ज्यांच्याबरोबर आपण कित्येक खंड जेवलो-हसलो ते सगळे सोबती एका रात्रीत संपतात, आणि त्यांच्यातल्याच कॅस्का या योद्धा स्त्रीचं मन फुटतं. यातली क्रूरता मला काही ठिकाणी असह्य होते, आणि कॅस्कावरच्या अत्याचाराची पानं तितकी तपशिलात नको होती असं माझं आजही मत आहे. पण मिउरा ती रात्र विसरले नाहीत. कॅस्काला भान यायला वाचकांना वीसहून जास्त वर्षं थांबावं लागलं. दुखापत किती काळ टिकते हे मासिकात चालणाऱ्या एखाद्या गोष्टीने इतक्या चिकाटीने दाखवल्याचं मला दुसरं उदाहरण माहीत नाही. मिउरा 2021 मध्ये 54 व्या वर्षी गेले. पुढच्या वर्षी त्यांचे मित्र कोउजी मोरी आणि त्यांच्याच स्टुडिओतल्या चित्रकारांनी काम पुढे सुरू केलं. मिउरा यांचा शेवटचा अंक मी एका बैठकीत तीनदा वाचला.

हे सगळं मुलांना बिघडवतं, हा आक्षेपही तुमच्या प्रश्नात आहे. तो जुना आहे. 1954 मध्ये अमेरिकेत सिनेटच्या उपसमितीसमोर प्रकाशक बिल गेन्स यांना त्यांच्याच कॉमिकचं मुखपृष्ठ दाखवण्यात आलं: एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात बाईचं तोडलेलं मुंडकं. हे अभिरुचीला धरून आहे का, असं विचारल्यावर ते म्हणाले, भयकथेच्या मुखपृष्ठासाठी आहे. मुंडकं जरा वर धरून मानेतून गळणारं रक्त दाखवलं असतं तर नसतं. त्या उत्तराने त्यांचं फार नुकसान झालं. त्याच वर्षी कॉमिक्सची आचारसंहिता आली, शीर्षकात ‘हॉरर’ आणि ‘टेरर’ हे शब्दही वापरायला बंदी झाली. मला वाटतं तिने नको ते वाचवलं. ठोसे राहिले, बंदुका राहिल्या, फक्त लागणं गेलं. कुणी मरत नाही, कुणाला जखम होत नाही, अशी मारामारी लहान मुलाच्या हाती देणं मला जास्त धोक्याचं वाटतं.

‘बेअरफुट गेन’ जपानमध्ये 1973 साली मुलांच्याच साप्ताहिकात सुरू झालं. ते काढणारे केइजी नाकाझावा हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा तिथे होते, सहा वर्षांचे, शाळेच्या भिंतीच्या आडोशामुळे वाचलेले. वडील, बहीण, भाऊ गेले. चेहरे गोल, डोळे मोठे, मुलं सारखी धडपडत-ओरडत असतात, आणि त्याच रेषेत कातडी सोललेली माणसं चालत येतात. अर्थात म्हणून ते आठ वर्षांच्या मुलाला एकट्याला द्यावं असं नाही. शेजारी बसून वाचावं.

आता तुम्ही काय वाचावं. ‘माउस’पासून सुरू करा, दोन्ही खंड लागोपाठ. मग नाओकी उरासावा यांचं ‘मॉन्स्टर’, अठरा खंड. त्यात एका डॉक्टरने वाचवलेला मुलगा पुढे खुनी निघतो, आणि रक्त फार कमी असूनही दडपण सतत वाढत जातं. युद्धाबद्दल वाचायचं असेल तर जो साको यांचं ‘सेफ एरिया गोराझ्दे’, ते पत्रकारिताच आहे. ‘फ्रॉम हेल’ सगळ्यात शेवटी, आणि दिवसा.

तुम्ही परत केलेलं पुस्तक कुठलं ते लिहिलं नाहीत. ‘क्रॉस्ड’ असेल तर परत उघडू नका. गार्थ एनिस यांना पहिल्या मालिकेत काही म्हणायचं होतं, पण पानोपानी इतकं अघोरी येतं की मला त्यांचा आवाज ऐकूच आला नाही. पण त्याच एनिस यांचं, स्टीव्ह डिलन यांनी काढलेलं ‘प्रीचर’ असेल, सुरुवातीलाच अख्खं चर्च माणसांसकट जळून जातं ते, तर मित्राकडून ते पुन्हा मागून घ्या आणि कॅसिडी या पात्रावर लक्ष ठेवा. सगळ्यात गमतीदार, सगळ्यात लाघवी माणूस तो आहे, आणि त्याने मागे कुणाकुणाला उद्ध्वस्त केलंय हे फार उशिरा, फार हळू कळतं. मला कळलं तेव्हा मी मागच्या खंडांत जाऊन त्याच्या विनोदांवर मी कुठे कुठे हसलो होतो ती पानं पुन्हा काढून बघितली होती.