सातवी शिकलेली, बैठकीत काय बोलू?

प्रश्न : मालक दोन वर्षांखाली गाडीवरून पडले, मेंदूला मार लागला. आता चालतात, पण मोंढ्यातल्या गोंगाटात डोकं धरून खाली बसतात. संशोधन करणारे डॉक्टर म्हणतात, काय अभ्यासावं ते ठरवायला बैठकीला या. मी सातवी शिकलेली. काय बोलू?
– एक भगिनी, परळी

उत्तर : ताई, जाच. ते मोंढ्यातलं खाली बसणंच सांगा; ते स्कॅनमध्ये थोडंच दिसतं? ब्रिटनमध्ये ‘जेम्स लिंड अलायन्स’ २००४पासून रुग्ण, घरचे अन् डॉक्टर एकत्र बसवून संशोधनाचे प्रश्न ठरवते. आपल्याकडेही संशोधनात रुग्णावर अन्याय होऊ नये हे पाहणाऱ्या नीतिसमितीत सामान्य माणूस लागतोच. एसटीचं भाडं मागा, लाजायचं काय त्यात! मालकांनाही न्या. मात्र त्यांच्याबद्दल काय सांगायचं, ते आधी त्यांनाच विचारा.