प्रॉस्पेक्ट : नोकरीतला, विम्यातला आन् खाणीतला

वणीकडच्या एका भावानं विचारलं, का पेपरात कोळशाचं प्रॉस्पेक्टिंग येते, विमा एजंटच्या ट्रेनिंगमधी माणसालेच प्रॉस्पेक्ट म्हणते, आन् आयटीआयचे सर सांगते का या ट्रेडले जॉब प्रॉस्पेक्ट्स चांगले आहेत, तर हा शब्द एकच आहे का तीन वेगवेगळे. एकच आहे भाऊ.

लॅटिनमधी 'प्रो' म्हणजे पुढं आन् 'स्पेक' म्हणजे पाहणं. इन्स्पेक्टरमधलाबी स्पेक तोच, तो आत पाह्यते, हा पुढं पाह्यते. इंग्रजीत आधी प्रॉस्पेक्ट म्हणजे नजरेपुढं पसरलेला देखावा, टेकडीवर चढून खाली सगळं शिवार दिसते ना, तो. (रशियात तर लांब सरळ रुंद रस्त्यालेच प्रॉस्पेक्ट म्हणतात, सेंट पीटर्सबर्गचा नेव्हस्की प्रॉस्पेक्ट.) मंग जे जागेत पुढं होतं तेच काळात पुढं झालं.

डिक्शनरीत याले 'शक्यता' देतात, मले ते अपुरं वाटते. शक्यता कशाचीबी राह्यते, कोणी पाहो का न पाहो, पण प्रॉस्पेक्टमधी कोणीतरी तिकडं डोळे लावून असते. मृग कोरडा गेला का आपण म्हणतो ना, पाण्याचं काही चिन्ह दिसत नाही, तेच हे. आन् पुढं दिसते ते चांगलंच पाहिजे असंबी नाही, दुबार पेरणीची पाळी समोर दिसते तेबी प्रॉस्पेक्टच. पण बहुवचनात प्रॉस्पेक्ट्स म्हटलं का बहुतेक करून बरकतीची गोष्ट असते, तिथं आपला 'वाव' बसते. सोयरिकीत पोरीचा बाप विचारते, पोराचं पुढं काय, तो प्रॉस्पेक्ट्सच विचारून राह्यला.

एजंटचं सोपं आहे, ज्यानं अजून पॉलिसी घेतली नाही पण घेईन असं दिसते तो प्रॉस्पेक्ट, सही केली का कस्टमर.

आता खाणीचं, हे नीट समजून घ्या कारण आपल्याकडं वणी-चंद्रपूरले कोळसा, तुमसरकडं चिखला, डोंगरी बुजुर्गले मँगनीज, हा शब्द आपल्या शेतापर्यंत येते. १८४८ मधी कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आन् ते हुडकत फिरणारे प्रॉस्पेक्टर म्हणून गाजले. आपल्या १९५७ च्या खाण-खनिज कायद्यातबी हा शब्द आहे, तिथं प्रॉस्पेक्टिंग म्हणजे खनिज शोधणं, ते नेमकं कुठं आहे ते पाहणं आन् साठा खरंच आहे हे सिद्ध करणं, एवढंच. खाण चालवायले मायनिंग लीज लागते, ते वेगळं. म्हणून बोअर मारून नमुने नेले, पेपरात प्रॉस्पेक्टिंग छापून आलं, म्हणजे गावात खाण मंजूर झाली असं धरू नका, अन् कोणी तसं सांगून शेत स्वस्तात मागत असन तर आधी कोणता कागद झाला ते विचारा, प्रॉस्पेक्टिंगचा का लीजचा.