बोलाइन: निरगाठ, सुरगाठ की फास?

खारघरच्या एका वाचकांनी विचारलंय: पावसाळी भटकंतीच्या सूचनापत्रकात 'बोलाइन' या गाठीला निरगाठ म्हणावं की सुरगाठ? नुसतं 'फास' लिहिलं तर चालेल का?

तिन्ही नकोत, आणि 'फास' तर अजिबात नको. निरगाठ म्हणजे पक्की बसणारी, नखं लावूनही लवकर न सुटणारी गाठ. सुरगाठ म्हणजे नाडीची, टोक ओढलं की सुटणारी. फास ओढला की आवळत जातो. बोलाइनने दोराच्या टोकाशी एक कडं तयार होतं. ताण आला तरी ते लहान होत नाही, आणि ताण गेल्यावर गाठ सहज सुटते. म्हणजे पक्केपणा निरगाठीचा, सुटणं जवळपास सुरगाठीचं. माणसाच्या छातीभोवती दोर बांधायची वेळ आली आणि पत्रकात 'फास' वाचून कुणी खरंच फास टाकला, तर तो बरगड्या आवळेल. तेव्हा नाव बोलाइनच ठेवावं आणि पहिल्या उल्लेखात 'न आवळणारं कडं' अशी फोड द्यावी. इंग्रजी उच्चार 'बोलिन'च्या जवळचा आहे, पण आपल्याकडे 'बोलाइन' रुळलंय, ते बदलायचं कारण नाही.

कृती लिहिताना 'टोक' हा शब्द दोन्हीकडे वापरू नका, गोंधळ तिथेच होतो. हातातलं मोकळं टोक तो शेंडा. झाडाकडून किंवा ओझ्याकडून येणारा तो ताणाचा दोर. ताणाच्या दोरावर एक छोटा वेढा घ्या, त्यात शेंड्याकडची बाजू वर यायला हवी. शेंडा वेढ्यातून खालून वर काढा, ताणाच्या दोरामागून वळवा आणि त्याच वेढ्यातून परत खाली घाला. मग शेंडा आणि त्यालगतची कड्याची बाजू एका हातात, ताणाचा दोर दुसऱ्या हातात धरून गाठ आवळा. ससा बिळातून वर येतो, झाडामागून फिरतो, परत बिळात जातो, ही शिबिरातली उजळणी याचीच. ती पाठ असूनही गाठ फसते, कारण बीळच उलटं केलेलं असतं: शेंड्याकडची बाजू खाली गेली की ओढताच सगळं सुटून हातात येतं.

शेंडा दोराच्या जाडीच्या निदान दहा-बारा पट सोडावा. 10 मिमी दोराला 10 ते 12 सेंमी. बाजारातली निळी-हिरवी प्लॅस्टिकची दोरी गुळगुळीत आणि ताठ असते, तिला जास्तच ठेवा. काथ्या किंवा सुती दोर धरून राहतो.

बोलाइनचा खरा दोष ढिलेपणात आहे. सतत ताण असेल तर ती टिकते. ताण-ढील, ताण-ढील असं चाललं तर हळूहळू सैल होते. दिवाळे गावाच्या किंवा ठाण्यातल्या चेंदणीच्या खाडीकाठी बांधलेल्या होडीचा दोर भरती-ओहोटीबरोबर दिवसभर हेच करतो. गॅलरीवरच्या ताडपत्रीला वारा तेच करतो. अशा ठिकाणी सुरुवातीला एकाऐवजी दोन वेढे घ्या (दुहेरी बोलाइन), आणि गाठ आवळल्यावर शेंड्याने लगतच्या कड्याच्या बाजूभोवती दोन वेढे घेऊन शेंडा त्याच वेढ्यांखालून काढा. ही राखणगाठ मुख्य गाठीला चिकटून बसली पाहिजे; चार बोटं लांब राहिली तर मुख्य गाठीला सैल व्हायला तेवढी जागा मिळते.

ताण असताना बोलाइन सोडता येत नाही, हेही पत्रकात हवंच. आधी ढील द्या, मग ताणाच्या दोरामागचा वळसा अंगठ्याने मागे ढकला. आणि डोंगरकड्यावर चढताना कमरेच्या पट्ट्याला दोर बांधायला बहुतेक जण आठची गाठ (इंग्रजी 8 सारखी दिसणारी) पसंत करतात, कारण ती बरोबर आहे की नाही हे जोडीदाराला एका नजरेत कळतं. तुमच्या पत्रकात बोलाइन झाड, खुंटा, ताडपत्री आणि सामान यांपुरतीच ठेवलेली बरी.